परीराज्याचं धुराचं विमान

आमच्या कामरगावच्या हौशी नाटकमंडळीनं परीराज्याचा खेळ बसवला, तेव्हा त्या राज्याची उभारणी माझ्याकडे आली. कारण एवढंच, की मासिकातलं बलूनचं एक चित्र मी गावभर दाखवत फिरत होतो. पऱ्यांना पंख होते. राजा मात्र गावचा किराणावाला, अंगानं भरभक्कम. त्याला पंख शोभेनात. मग मी ठरवलं, राजा बलूनमधून उतरेल. म्हणजे पतंगी कागदाचा फुगा पडद्यामागून वर जाईल, त्याच्या टोपलीत राजाची चिंध्यांची बाहुली असेल, आणि फुगा पलीकडे उतरला की खरा राजा बाहेर येईल.

खेळाला कारंज्याहून एक पाव्हणे येणार होते. त्यांच्या मुलीसाठी मामानं माझं नाव सुचवलं होतं, आणि पोरगा काय करतो ते त्यांना स्वतः पाहायचं होतं. पोरगा काहीच करत नव्हता. ती सगळी उणीव मी या बलूनवर भरून काढायला निघालो.

ज्वारीच्या पिठाच्या खळीनं कागद चिकटवले. खाली पेटवायला मंडळींनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या. मी त्या परत पाठवल्या.

"काहून? भक्कन पेटते ना पऱ्हाटी!" राजा म्हणाला.

"शेठ, जाळ कधी उडाला का? उडते तो धूर. पऱ्हाटीले धूर कुठं असते?"

रोज सकाळी घराघरावरून धूर वर जाताना पाहिला होता. माझं शास्त्र तेवढंच. मी ओलसर गोवऱ्या मागवल्या.

खेळाच्या संध्याकाळी धूर झाला, अगदी मनासारखा. फुग्यात मावेना म्हणून तो पडद्याखालून पऱ्यांकडे गेला, तिथून पहिल्या रांगेत. फुगा जागचा हलला नाही.

"अरे, पऱ्या रडून राह्यल्या!" कोणीतरी ओरडलं. मिशा सफाचट केलेल्या आमच्या पऱ्या खरोखरच डोळे चोळत होत्या.

"परीराज्य हाय का वीटभट्टी?"

राजा खोकत बाहेर आला, भाषण विसरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यानं केलं!" समोर पाव्हणे उपरण्यानं डोळे पुसत होते. ते रडतायत की हसतायत, हे पाहायला मी थांबलो नाही.

सकाळी मामा आला.

"नाही म्हणाले ना?" मीच विचारलं.

"पोरगी द्याले तयार हायेत. म्हणे, गडी खटपट्या हाय, घरात बसून नाही राहणार. पण एक अट हाय. चूल पोरगीच पेटवीन, जावयानं हात लावायचा नाही."

मी तिथल्या तिथे होकार दिला. इतकी सोयीची अट घालणारा सासरा साऱ्या वऱ्हाडात मिळाला नसता.