शांतामावशींच्या फेऱ्या

शेजारच्या शांतामावशी साडी खोचून रोज सकाळी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारतात. काल त्यांचा मुलगा फाटकाशी येऊन म्हणाला, "आई, लोक हसतात. पोट सुटलंय, वय झालंय. आता घरी बस."

मावशी थांबल्या नाहीत. "चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, तेव्हा बसलेच होते की. हे पोट तिथलंच आहे."

म्हाताऱ्या बाईची चरबी सगळ्यांना दिसते, तिला बसवून ठेवणारं काम कुणाला दिसत नाही. काम सुटलं की आपण आरामाच्या नावाखाली तिला पुन्हा बसवतो, आणि त्याला माया म्हणतो.

पुढच्या फेरीला मावशींनी चपला काढून मुलाच्या हातात दिल्या. "धर. चालताना चावतात."

आणि अनवाणीच, आणखी झपाझप निघाल्या.