मास नदीकाठचं वाळवंट

समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या या देशात, जिथे घराच्या मागे कालवा, पुढे कालवा आणि वरून बाराही महिने पाऊस, तिथे गाडीच्या डिकीत पिण्याच्या पाण्याचा भलामोठा कॅन घेऊन फिरणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा ऑफिसातला सीनियर होता. आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारी आम्ही पुण्या-मुंबईची पोरं त्यांना काकाच म्हणायचो. काकांचा जन्म कोल्हापूरचा, नोकरी नेदरलँड्समधली, पण मनाने ते कायम भलतीकडेच राहायचे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे डोंगरापलीकडे उंचावर एक वाळवंट आहे. तिथल्या चिपच्या कारखान्यात त्यांची तरुणपणाची वर्षं गेली होती. "हाय डेझर्ट म्हणतात त्याला. राजस्थान नव्हे, उंट शोधत बसू नकोस," ते मला बजावायचे. "नजर जाईल तिथवर करडी झुडपं, सेजब्रश! मधून एक नदी. आणि नदीच्या काठी आमचा रेक्रिएशन एरिया." हे शेवटचे दोन शब्द ते असे उच्चारायचे की ऐकणाऱ्याने चप्पल बाहेर काढून यावं. खरं म्हणजे त्यांच्याच वर्णनानुसार तिथे चार लाकडी बाकं, एक गंजकी शेगडी, होडी पाण्यात सोडायचा उतार आणि कडी न लागणारा एक संडास, एवढाच थाट होता.

आइंडहोवनहून तासाभरावर मास नदीच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर खुरट्या झुडपांचं माळरान आणि खाली सहलीला येणाऱ्यांसाठी थोडी मोकळी जागा. काकांनी ती पाहिली मात्र, तिला आपलं वाळवंट म्हणून दत्तकच घेतलं. दर रविवारी काका, काकू आणि मिळतील तेवढी आम्ही मंडळी तिकडे. डोक्यावर रुंद काठाची हॅट, हातात काठी. भुरभुर पाऊस चालू असताना "डीहायड्रेशन कळतसुद्धा नाही माणसाला," म्हणत ते प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला द्यायचे. काठीने आधी जमीन ठोकल्याशिवाय कुणाला सतरंजी अंथरू द्यायचे नाहीत. तिकडे अमेरिकेत खुळखुळ शेपूट वाजवणारे साप असायचे म्हणे. माझी मुलगी मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीवर जाते. ती एकदा म्हणाली, "काका, देअर आर नो रॅटलस्नेक्स इन हॉलंड." काका गंभीरपणे म्हणाले, "बाळा, साप काय व्हिसा काढून येतो?" निघताना प्रत्येकाने बूट उलटे करून झटकायचे, विंचवासाठी. आमच्या बुटांतून विंचू कधी निघाला नाही, पाणी मात्र निघायचं.

या वेडाचं मूळ मला काकूंनी सांगितलं. काकू जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातल्या. लग्न होऊन त्या एकदम त्या करड्या मुलखात जाऊन पडल्या. माणूस नाही, काणूस नाही, धुळीशिवाय घरी यायला कुणी नाही. रोज रडायच्या. काकांना काही सुचेना, म्हणून एका रविवारी त्यांनी काकूंना नदीवर नेलं. काकूंनी रडता रडताच एका झुडपाची पानं चुरगाळली, हात नाकाशी नेला आणि ओरडल्या, "अहो, हा तर दवणा!" चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. दवणा आणि सेजब्रश एकाच कुळातली झाडं आहेत, हे काकांना पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी त्यांना एवढंच कळलं, की बायको हसली. काकूंनी त्याची डहाळी वेणीत खोवली, शिदोरीतलं थालीपीठ खाल्लं आणि परत जायचा विषय कधी काढला नाही. "तो वास होता म्हणून मी राहिले बघ," काकू म्हणाल्या.

आणि नेमका तोच गेला. इकडे एका हिवाळ्यात काकूंना जबरदस्त ताप आला आणि जाताना नाकाचा वास घेऊन गेला. दूध करपलं तरी कळेना. इथला फॅमिली डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्स, आधी सवयीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या म्हणाला. मग म्हणाला, ओळखीचे, आठवणीतले वास रोज घेत राहा, कधी कधी परत येतो. झालं! काका सेजब्रशच्या मागे लागले. नर्सरीत जाऊन 'सेज' मागितलं. तिथली बाई सेजचं डच नाव घेत म्हणाली, "साली?" काका दचकले, पण मान डोलावून सगळ्या कुंड्या गाडीत भरून घरी आले. ती निघाली स्वयंपाकात घालायची पानं. काकूंनी ती कोथिंबिरीसारखी पिठल्यात ढकलली. पहिल्या घासाला आम्हाला वाटलं, कुणीतरी पिठल्यात कापूर विरघळवलाय. "कसं झालंय?" काकूंनी विचारलं. "फर्स्ट क्लास!" काका म्हणाले आणि त्यांनी परत वाढून घेतलं. मग आम्हीही घेतलं.

काकांच्या निवृत्तीच्या थोडंसं आधी, नदीकाठच्या कुंपणाशी त्यांना एक करडं झुडूप दिसलं. त्यांनी पानं तळहातावर चोळली, वास घेतला आणि ते जागच्या जागी थांबले. डोळे भरून आले होते. चार पावलांवर उभ्या असलेल्या मलाही तो वास आला, कडवट, गोडसर, देवघराची आठवण करून देणारा. काका जवळजवळ धावतच काकूंकडे गेले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ओळख!" काकूंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. परत घेतला. मग हळूच म्हणाल्या, "काहीच नाही हो."

"कसं येईल? मलाही नाही आला," काका ताबडतोब म्हणाले. "भलतंच गवत आहे हे. पुढच्या रविवारी पलीकडच्या काठाला बघू." आणि माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी मुकाट्याने नदीतून जाणारी मालाची बोट बघू लागलो. पण डहाळी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली होती. परतताना सगळ्या गाडीत तोच वास कोंदला होता. काकू शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या. मला मागच्या सीटवर अक्षरशः रडू येत होतं.

काका-काकू आता कोल्हापूरला असतात. जाताना पाण्याचा कॅन मला देऊन गेले. चैत्रात एकदा सकाळी काकांचा फोन आला. "अरे, डोंगरावर जाऊन आलो. दवणा आणला. तिच्या हातात दिला, पण या खेपेला 'ओळख' म्हणालो नाही. हिंमतच झाली नाही रे."

"मग?"

"बराच वेळ नाकाशी धरून बसली. मग म्हणाली, 'अहो, ही तर आपली नदी!'"

बाहेर नेहमीचा पाऊस पडत होता. कॅन अजून माझ्या डिकीत आहे, आणि दर रविवारी मी त्यातलं पाणी बदलतो.