नोंदवहीत नसलेली सुई

सोनूबाईने आमच्या हॉस्पिटलात अकरा वर्षं फरशी पुसली आणि त्या अकरा वर्षांत ती बारा वेळा नव्याने कामाला लागली. साफसफाईचं कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की कंपनीचं नाव बदलायचं, साडीवरच्या कोटाचा रंग बदलायचा आणि सोनूबाईला नवा फॉर्म भरावा लागायचा. त्यातल्या ‘पूर्वीचा अनुभव’ या रकान्यापुढे सुपरवायझर चंदर दर वेळी ‘नाही’ लिहायचा. अनुभव लिहिला की माणूस जुना ठरतो आणि जुन्या माणसाला हक्क फुटतात, एवढं त्याला कळत होतं.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ट्रस्टचं आहे, अलिबागपासून फार लांब नाही. बायकांच्या वॉर्डची मी इनचार्ज सिस्टर. माझं नाव अनुया, पण तिथे मला नावाने कोणी ओळखत नाही. आम्हा कायमच्या लोकांना काविळीची लस हॉस्पिटलने टोचली, तिन्ही डोस, तारखेनिशी. कंत्राटी बायकांना कंपनीने टोचायची असं कागदावर होतं. कंपनी म्हणायची, ही माणसं टिकत नाहीत, लस कोणाला द्यायची? अकरा वर्षं टिकलेली सोनूबाई तेव्हा तिथेच बादली पिळत असायची.

ती खारेपाटातली, मिठागरावर वाढलेली. मिठागरं बंद पडली तसा नवरा रामचंद्र ट्रेलरवर ड्रायव्हर झाला आणि ती एसटी धरून आमच्याकडे आली. मिठाचं पाणी घेण्याआधी तिथली जमीन अनवाणी पायांनी तुडवून घोटावी लागते. कुठे खळगा राहिला, कुठे माती सुटली, ते पावलाला कळतं. हीच रीत ती वॉर्डात घेऊन आली. हजेरीला बूट घालून यायची, चंदरची पाठ वळली की ते दारामागे ठेवायची. फरशी एकदा पुसायची, मग तिच्यावर अनवाणी फिरायची आणि पाय चिकटला तिथे पुन्हा पुसायची.

“सोनूबाई, बूट घाल गं. नियम आहे,” मी ओरडायचे.

“बुटानं जमीन कलत न्हाय सिस्टर, पायाला कलते. तुमाना फरशी पायजे का बूट पायजे?”

मला फरशी हवी होती. तिच्या काळात माझ्या वॉर्डात एकही पेशंट घसरून पडली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी फरशीचं कौतुक केलं, तेव्हा प्रमाणपत्र कंपनीला मिळालं आणि शाबासकी मला. दर महिन्याला मी एक तक्ता भरून सही करायचे. ‘कामगार बूट वापरतात काय?’ त्यापुढे मी डोळे मिटून ‘होय’ लिहीत आले.

थंडीत ती पोपटी आणायची, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी. नुसत्या शेंगांचा वेगळा बांधलेला पुडा माझ्यापुढे ठेवून म्हणायची, “ही तुमची, बिनअंड्याची. तुमच्या सोवल्याला मी हात न्हाय लावला.” मग स्वतःच इतकी हसायची की पेशंट बायकाही हसायला लागायच्या. मी तिला खडसवायचे, ती मला चिडवायची, असा आमचा संसार चालला होता.

ऑगस्टमधल्या एका सकाळी ती चार नंबरच्या खाटेखालून बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली. उजव्या टाचेत सुई होती. सुई आम्हा सिस्टरांपैकीच कोणाच्या तरी हातून पडलेली, कारण कंत्राटी बायका सुया हाताळत नाहीत. चार नंबरच्या पेशंटच्या कागदावर लाल शाईने ‘हिपॅटायटिस बी’ असं लिहिलेलं होतं. तो रोग रक्तातून पसरतो. अशा वेळी काय करायचं हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते: जखम धुवा, नोंदवहीत लिहा, डॉक्टरांना कळवा, चोवीस तासांत काविळीविरुद्धचं इंजेक्शन.

मी वही उघडली. सोनूबाईने माझा हात धरला.

“लिवू नका सिस्टर. पुढच्या महिन्यान नवी कंपनी येतेय. चंदर बोलतो, ज्याची भानगड हाय त्याचं नाव यादीत न्हाय. वर बूट न्हवतं, म्हंजे खापर माझ्याच डोक्यावर.”

मी वही मिटली. तिच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. पण वही उघडल्या उघडल्या मला माझी त्या तक्त्यावरची सही दिसली होती. बूट वापरतात, होय. निवृत्तीला मला दीड वर्ष उरलं होतं. काविळीविरुद्धचं इंजेक्शन नोंदीशिवाय मिळत नाही. मी तिची टाच धुतली, नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने दिलं आणि म्हटलं, “तीन महिन्यांनी रक्त तपासू.” ती लगेच पोछा घेऊन उठली.

नव्या कंपनीच्या यादीत तिचं नाव आलं. अनुभव: नाही. दिवाळीनंतर तिचे डोळे पिवळे झाले. तीन महिने होऊन गेले होते आणि रक्ताची आठवण तिला नव्हती, मलाही नव्हती. गावात एक जण काविळीवर मुळी देतो, त्याच्याकडे तिने पंधरा दिवस घालवले. आमच्याकडे आणली तेव्हा पोटात पाणी झालं होतं आणि ती मधूनच मुलीला ओळखत नव्हती. तरी बाथरूमला नेताना तिने पाय जमिनीला टेकवला आणि पुटपुटली, “सिस्टर, चिकट हाय. कोन पुसतं ही?” पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. यकृत निकामी, हिपॅटायटिस बी.

मृत्यूचा कागद गावात पोचला आणि गावाने त्याचा अर्थ लावला. हा रोग सुईने होतो तसा बाईकडे जाऊनही होतो, हे कोणीतरी मोबाइलवर वाचलं. रामचंद्र ट्रेलर ड्रायव्हर, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. एवढं गावाला पुरे होतं. डॉक्टरांनी त्याला रक्त तपासून घे म्हटलं, तर तो सरळ उठून गेला. तीस वर्षांच्या संसाराचा पुरावा बाटलीत कशाला देऊ, असं म्हणाला. त्या नकाराने तर गावाची खात्रीच पटली.

त्यांची मुलगी अमिषा पेणच्या कॉलेजात शिकते. तिने हॉस्पिटलला अर्ज दिला. नुकसानभरपाईचा शब्द त्यात नव्हता. आईला कामावर सुई लागली होती का, एवढंच लेखी द्या, असं तिने विचारलं होतं. मरायच्या आधी सोनूबाई बरळताना ‘टाचेन सुई’ असं दोनदा म्हणाली होती. तेवढ्यावर पोरगी बापाच्या बाजूने उभी राहिली होती.

फेब्रुवारीत सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, चंदर, मी आणि समोर अमिषा नि रामचंद्र. चंदरने माझे तक्ते टेबलावर मांडले. साहेबांनी नोंदवही पुढे ओढली, ऑगस्टची पानं उलटली आणि मला विचारलं, “सिस्टर, अशी काही घटना?”

रामचंद्रने मान वर केली. त्या माणसाने माझ्याकडे कसं पाहिलं, ते मला सांगता येणार नाही. ‘होय’ एवढाच शब्द म्हणायचा होता. तक्त्यावर तो मी दर महिन्याला फुकट लिहीत होते.

“नोंदवहीत नोंद नाही, सर,” मी म्हणाले.

त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी शरमेने मरून जायला हवं होतं, पण मी खुर्चीत ताठ बसून राहिले. साहेबांनी वही मिटली.

 अमिषा मान हलवून म्हणाली, “ठीक हाय. सिस्टर बोलतात म्हंजे तसंच असेल. आई सांगायची, आख्ख्या हॉस्पिटलात एकट्या सिस्टर खोटं बोलत न्हाईत.”

तिने अर्ज परत मागून घेतला. रामचंद्र “अमिषा, पोरी” म्हणत उठला, तशी ती बापापासून दोन पावलं बाजूला सरकली आणि त्याच्याकडे न बघता दाराबाहेर गेली. खिडकीतून मला रस्ता दिसत होता. ती एसटी स्टँडकडे भरभर चालली होती आणि तो बराच मागे राहून तिच्यामागून येत होता.