रविवारचे लोहार

आम्ही तिघं आजही कुठं भेटलो, लग्नात म्हणा, मयतीला म्हणा, की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, "डॉक्टरांच्या घरी पोतं आलं होतं, आठवतं का?" मग पुढचा तासभर गेला. आमच्या बायका म्हणतात, चार वर्षं रविवारी सकाळी लोखंड ठोकलं, त्यावर एवढं बोलण्यासारखं काय आहे? खरं सांगायचं तर लोखंड आम्ही फार ठोकलंच नाही. म्हणून तर किस्से एवढे.

आधी माणसं सांगतो. गोष्ट सोलापूरची, सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. मी सरकारी कचेरीत कारकून. डॉक्टर पाटील सर्जन, शहरात स्वतःचा छोटा दवाखाना. राजय्या चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम; घरात तेलुगू, बाहेर समोरचा बोलेल ती भाषा. आणि आमचे गुरू चन्नप्पा अण्णा. अक्कलकोट रस्त्याला, कुंभारीच्या अलीकडं त्यांची लोहारसाळ होती. पत्र्याचं छप्पर, कोळशाची भट्टी, कातडी भाता, ऐरण, आणि मागं राहायची खोली. अण्णा एका हातानं सांडशीत तापलं लोखंड धरायचे, दुसऱ्या हातातल्या हातोडीनं जागा दाखवायचे. त्या जागेवर समोरून घण मारायचा तो त्यांच्या बायकोनं, सिद्धव्वाक्कांनी. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

*

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो घरची विळी घेऊन. धार लावून पाच मिनिटांत परत यायचं होतं. पण अण्णा कुऱ्हाड घडवत होते. ते बघत मी दोन तास उभा राहिलो. घरी बायको भाजी तशीच ठेवून बसलेली.

दुसऱ्या रविवारी विळी न घेताच गेलो आणि धीर करून म्हणालो, "अण्णा, मला हे शिकवाल का?"

अण्णांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं. हातातलं काम ठेवलं. अगदी हळू आवाजात विचारलं, "का ओ, नोकरी गेली का?"

"नाही. हौस म्हणून."

अण्णांना हौस हा शब्द कळेना असं नव्हे, पण तो इथं कुठं बसतो हे कळेना. ते कानडीत अक्कांना काहीतरी म्हणाले. अक्कांनी घण भिंतीला टेकवला आणि मला चहा दिला. नंतर कानडी येणारे डॉक्टर आमच्यात आले तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या कानडी वाक्याचा अर्थ काय असेल. डॉक्टरांनी अण्णांनाच विचारून घेतलं. अण्णा म्हणाले होते, "नोकरी गेलीय, पण सांगायला लाजतोय."

*

डॉक्टर आले ते माझ्यामुळं. रोज सुरी चालवतो आणि ती होते कशी हे माहीत नाही, याची त्यांना म्हणे लाज वाटली. दवाखान्यात त्यांचा दरारा असा की नर्स पायांचा आवाज न करता चालत. इथं ते धोतर खोचून, बनियनवर, काळ्या हातांनी कोळसे फोडायचे.

एका रविवारी बोरामणीकडचा एक शेतकरी धार लावायला दिलेला फाळ न्यायला आला. आदल्या वर्षी डॉक्टरांनीच त्याच्या मुलाचं अपेंडिक्स काढलेलं. तो बघतच राहिला. "डॉक्टर, तुमी?"

डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला, तो कोळसा कपाळभर झाला. "हो. रविवारी येतो इथं."

"बरं बरं," एवढंच म्हणून त्यानं फाळ घेतला आणि खाली मान घालून गेला.

चार दिवसांनी डॉक्टरांच्या दारात बैलगाडी थांबली. ज्वारीचं एक पोतं उतरवलं गेलं. डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, हे कशाबद्दल? तो माणूस म्हणाला, "वैनी, लाजू नका. आमच्या पोराला वाचवलंय त्यांनी. दिस काय एकसारखे ऱ्हात न्हाईत. तुमालाबी लेकरंबाळं हायत."

वहिनींनी लाख समजावलं. तो म्हणाला, "व्हय, व्हय," आणि पोतं ठेवून गेला.

*

घण मारणं ही बघायला सोपी आणि करायला महा अवघड गोष्ट. माझा पहिला घाव लोखंडावर बसला नाही, नुसत्या ऐरणीवर बसला. घण उलटा उसळला, मी मागच्या मागं कोळशात. अक्कांनी मला उठवलं, शर्ट झाडला आणि म्हणाल्या, "क्लार्क, ऐरणीनं काय केलंय तुमचं?"

त्या दिवसापासून माझं नाव क्लार्क.

राजय्याची अडचण वेगळी. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं त्याचा ताल पक्का. पहिल्या घावापासून घण बरोबर जागेवर. अण्णाही खूश झाले. पण एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. अण्णांनी हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली की घण थांबवायचा. अण्णांनी हातोडी टेकवली. राजय्याचे डोळे अर्धे मिटलेले, ताल लागलेला. तो मारतोय आपला. विळ्याचं पातं होतं ते पापडासारखं पसरत गेलं.

शेवटी अक्कांनी त्याचा दंड धरला. अण्णांनी सांडशीनं तो पापड उचलून उजेडात धरला. "राजय्या, मी विळा सांगितला हुता. तू चादर विणलीस की."

*

माझी पहिली सुरी मी सात रविवार करत होतो. ट्रकच्या जुन्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा, तो ठोकून, कानशीनं घासून, लाल करून पाण्यात बुडवला. "चर्र" असा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. अण्णा म्हणाले, "थांबा, आजून एक काम ऱ्हायलंय." पण ते गिऱ्हाइकाशी बोलत होते तेवढ्यात मी सुरी रुमालात गुंडाळून सायकल घराकडं पिटाळली. बायकोला दाखवायची घाई होती.

तिनं तांबडा भोपळा चिरायला घेतला. दोन फोडी झकास झाल्या. तिसऱ्याला सुरी हातातनं निसटून फरशीवर पडली आणि बिस्किटासारखी मोडली. बायकोनं दोन्ही तुकडे उचलले, माझ्याकडं बघितलं आणि फार मायेनं म्हणाली, "बरंच झालं. मोठा भाजीला ठेवू, लहान पेन्सिलीला."

पुढच्या रविवारी ते तुकडे अण्णांसमोर ठेवले. ते म्हणाले, "पाणी चांगलं बसलंय. लईच चांगलं बसलंय." मग राहिलेलं काम समजावलं. पाण्यातनं काढलेलं पातं काचेसारखं कडक असतं. ते घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्याजवळ परत हळूहळू तापवायचं. पात्यावर रंग चढत जातात. आधी कडब्याचा, मग शेंगदाण्याच्या सालाचा, मग वांग्याचा. सुरी असेल तर कडब्याला थांबायचं, कुऱ्हाड असेल तर वांग्यापर्यंत जायचं.

डॉक्टर वहीत सगळं लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, "अण्णा, पण हे किती डिग्रीला?"

अण्णा म्हणाले, "डिग्री तुमच्याकडं हाय, डॉक्टर. हितं रंग बघायचा."

*

आता जरा वेगळी गोष्ट. संक्रांत झालेली, ज्वारीची काढणी तोंडावर. लोहारसाळेत विळ्यांचा ढीग लागला होता. अण्णांना बरीच वर्षं हर्निया होता. ते तो लंगोट घट्ट बांधून लपवायचे. डॉक्टरांनी ओळखलं होतं, ऑपरेशन करून घ्या म्हणून तीनदा सांगितलंही होतं. "काढणी झाली की बगू," हे त्यांचं उत्तर. कुठली ना कुठली काढणी दर वर्षी असायचीच.

त्या रविवारी घाव घालता घालता अण्णा एकदम खाली बसले. चेहरा घामानं डबडबला, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा आवाज दवाखान्यातला झाला. "राजय्या, टांगा आण. आत्ता."

अक्कांनी घण खाली ठेवला. त्यांनी पाण्याची बादली उचलून भट्टीत ओतली. तीन वर्षांत ती भट्टी विझलेली आम्ही कधी बघितली नव्हती. मग त्या टांग्यात अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

दवाखान्यात दीड तास आम्ही बाकावर. अक्का खाली, भिंतीला टेकून. राजय्यानं दोनदा चहा आणला, दोनदा तो तसाच गार झाला. मला सारखं वाटत होतं, यांना आपण जबरदस्तीनं आधीच का नाही आणलं?

डॉक्टर बाहेर आले ते तोंडावरचा मास्क ओढत. आधी अक्कांपाशी खाली बसले आणि कानडीत सांगितलं, वाचले, आतडं शाबूत आहे. मग आमच्याकडं वळले. डोळ्यांत पाणी, पण हसू आवरत नव्हतं. म्हणाले, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं, माणूस पूर्ण जागा. डॉक्टर हात धुऊन आले, सुरी मागितली. तर अण्णांनी मान वर केली.

"डॉक्टर, ही सुरी कुणी केलीय?"

"विकत आणलीय, अण्णा. कंपनीची."

"मग चालंल," म्हणाले, आणि डोळे मिटले.

हे ऐकून अक्का हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

*

अण्णांना तीन महिने जड काम बंद. शेतकरी मात्र थांबणार नव्हते. विळे वेळेवर मिळाले नाहीत तर ते दुसरीकडं जाणार आणि पुन्हा येणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी अक्का माझ्या कचेरीच्या दारात उभ्या. "क्लार्क, आता रविवारी यायचं न्हाय. उद्या यायचं."

मी रजेचा अर्ज लिहिला. हेडक्लार्क म्हणाले, "घरगुती अडचण म्हणजे नक्की काय?" मी म्हणालो, "विळे करायचेत." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, 'घरगुती अडचण' खोडली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'प्रकृती अस्वास्थ्य'.

राजय्यानं पाळी बदलून घेतली. डॉक्टर दवाखान्याआधी दोन तास यायचे. आमची समजूत अशी की सांडशी राजय्यानं धरायची. अक्कांनी घण उचलला आणि माझ्या हातात दिला. सांडशी स्वतः घेतली.

त्या काय काम करत होत्या! वीस-बावीस वर्षं समोरच्या बाजूनं बघितलेलं सगळं त्यांच्या हातात होतं. मी चुकलो की त्या लोखंड माझ्या घावाखाली आणायच्या, त्यामुळं माझाही घाव बरोबर बसलाय असं वाटायचं. मैंदर्गीचा एक शेतकरी आला. आत डोकावून म्हणाला, "मालक कुटं हाईत?"

"झोपल्यात," अक्का म्हणाल्या आणि काम चालूच ठेवलं. तो जरा घुटमळला, मग त्यानं एकच विळा पुढं केला. संध्याकाळी तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आणखी सहा घेऊन आला.

मागच्या खोलीत खाटेवर अण्णा आवाज ऐकत पडलेले असायचे. तिथनं ओरडायचे, "थंड झालंय त्ये, परत घाल!" अक्का ठोकत राहायच्या. तिसऱ्या आठवड्यात आतून ओरडणं बंद झालं.

*

पावसाळ्यात अण्णा पुन्हा कामाला लागले. सांडशी त्यांच्या हातात, घण अक्कांच्या. काही झालंच नव्हतं असं. आम्हा तिघांना ते आवडलं नाही, पण नवराबायकोच्या मधे बोलणार कोण? राजय्यानं घरी जाताना सायकलची घंटी उगीच वाजवली, तेवढंच.

अण्णांच्या कामाला नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. एकानं कुऱ्हाडीला खोट काढली तेव्हा त्यांनी पैसे परत देऊन त्याला रस्त्यावर काढलं होतं.

पुढच्या काढणीच्या आधीचा रविवार. आम्ही तिघं तिथंच होतो. तो मैंदर्गीचा शेतकरी आला. अण्णांनी हात पुढं केला, "आण."

त्यानं पिशवी दिली नाही. "मालक, रागवू नका. तुमच्या हातचं नगं. मागल्या सुगीला ज्यांनी केलं, त्यांच्याकडनं पायजे."

अक्का घणाच्या दांड्याकडं बघत राहिल्या. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

"बगू," अण्णा म्हणाले.

शेतकऱ्यानं मागच्या वर्षीचा विळा काढून दिला. अण्णांनी तो उलटा-सुलटा केला. पाठ बघितली. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. ऐरणीवर हलकेच वाजवला आणि कान जवळ नेला. पुन्हा वाजवला.

मग ते अक्कांकडं न बघता म्हणाले, "अगं ए, तुजं गिऱ्हाईक आलंय."

सांडशी त्यांनी ऐरणीवर ठेवली, तिची मूठ अक्कांच्या बाजूला वळवली. वळसा घालून पलीकडं गेले आणि अक्कांच्या हातातनं घण घेतला. डॉक्टर जड घण उचलू नका म्हणून सांगायला पुढं झाले, आणि मग तसेच मागं सरकून उभे राहिले.