बोट लावताच उघडणारी

बाबांचा कुलपं घडवायचा धंदा, आणि मी त्यांची थोरली, जिचं नुसतं बोट लागलं की कुठलंही कुलूप उघडायचं. कुलूपवाल्याच्या पोटी याहून करंटं अपत्य येणं अवघड. गिऱ्हाईक आलं की आई मला मागच्या खोलीत पिटाळायची. घरात मला 'किल्ली' म्हणत.

आमच्याकडे असली जादू सरदारांच्या रक्तातच असते असा समज. साध्या घरात सापडली, तर एखादं सरदारघराणं त्या मुलीला दत्तक घेतं, आणि आधीच्या माणसांची ती कुणी राहत नाही. मी एकोणीस वर्षांची असताना सरदारीणबाई स्वतः दुकानात आल्या. त्यांनी विचारलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी श्वासही न घेता "येते" म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी नाकाने कांदे सोलले. पुसल्याशिवाय खुर्चीत बसेना. धाकटीला बजावलं, आता मला अहो-जाहो करायचं. तिने निमूट पाणी आणून दिलं आणि आत जाऊन रडली. ते मला ऐकू आलं. पण मी आरशासमोर मान वळवायचा सराव करत होते.

निघताना हवेलीच्या कारभाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "ही माणसं तुमची कोण?"

"कुणी नाही," मी म्हणाले. इतकं खणखणीत, की गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. आईने माझ्या बाहीचा सुटलेला दोरा दातांनी तोडला आणि नीट जेवत जा म्हणाली.

हवेलीत कळलं, माझ्यासारख्या दत्तक सरदारकन्या आधीच अकरा आहेत. एक दुरून दिवे लावायची, एक दूध नासू द्यायची नाही. माझ्या वाट्याला आल्या विसरभोळ्या आत्याबाईंच्या पेट्या आणि न्हाणीघराचं अडकणारं दार. रेशमी कपड्यांत मी दिवसभर हेलपाटे घालायची. वर माझ्याच खोलीचं कुलूप मला लावता येईना, बोट लागलं की उघडायचं. मुसमुसायलाही आडोसा नाही. तिसऱ्या महिन्यात मी कारभाऱ्याला कुलूपवाला बोलवायला सांगितलं.

बाबा हत्यारांची पेटी घेऊन आले आणि मला वाकून नमस्कार केला. कारभारी दारातच उभा होता. मी मोठ्या तोऱ्यात काम सांगितलं, तेही मधेच आवाज फाटून. त्यांनी दाराला आतून साधा लाकडी अडसर ठोकला. कुलूपच नाही, तर उघडणार काय? एवढी अक्कल मला तीन महिन्यांत सुचली नव्हती.

खाली मान घालूनच ते म्हणाले, "घरी सगळी बरी आहेत, बाईसाहेब. म्हणजे, माझ्या घरी."

ते गेल्यावर मी अडसर लावला आणि पोटभर रडले.

त्याला नऊ वर्षं झाली. हवेलीत दर महिन्याला कुठली तरी बिजागरी बिघडते. कारभारी सुताराच्या नावाने खडे फोडतो. खिळे ढिले करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. गेल्या वर्षीपासून बाबांच्या हाताखाली म्हणून धाकटीही येते. आई मात्र एकदाही आलेली नाही, आणि तिला कोणत्या कामाच्या निमित्ताने बोलवावं ते मला अजून सुचलेलं नाही.