मालवणचा म्हणजे पोहणारच

आमचं गाव मालवण तालुक्यात, कट्टा बाजारापासून आत, काजूच्या डोंगराखाली. समुद्र आम्ही पाहुणे आले की बघतो, आणि तेही पाहुण्यांनी फारच हट्ट धरला तर. आमच्या घरात पोहता कोणालाच येत नाही. विहीर आहे, पण ती पाणी काढायला. तरीही परमुलखात कोणी विचारलं की आम्ही बेधडक "मालवणचे" म्हणून सांगतो. खरं नाव सांगितलं तर समोरचा "हे कुठे आलं?" म्हणतो आणि मग कसालपासून एकेक फाटा त्याला समजावत बसावं लागतं. माझा मुलगा घाटावरच्या कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेला, तेव्हा तोही असंच सांगून मोकळा झाला.

प्रवेशाच्या वेळी कॉम्प्युटरवर एक प्रतिज्ञापत्र भरायचं होतं. मी रॅगिंग करणार नाही, असं मुलाने लिहून द्यायचं आणि तो करणार नाही, असं पालकांनी. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, मुलांना "प्रश्न नीट वाचा रे" हे सांगण्यात माझी हयात गेली. मी ते न वाचता टिचक्या मारत गेले. नवरा बाजूला बसून चहा पीत होता. त्याचं म्हणणं, "आपलो झील कोणाक काय करतलो? तो कोंबडेक हड म्हणना नाय." आपल्या झिलाला कोणी काही करील, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खरी काळजी आम्ही आमच्या पद्धतीने घेतली. सिंधुदुर्गातला माणूस मुलाला परगावी पाठवताना वसतिगृह बघत नाही, पाण्याची सोय बघत नाही, तो आधी "आपल्यातलो कोण आसा काय थंय?" हे शोधतो. आम्हीही शोधला. तिसऱ्या वर्षाला कसालचा एक मुलगा निघाला. त्याच्या वडिलांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. मग एका सकाळी आम्ही तिघं कसालला गेलो आणि त्या मुलाच्या हातात एक किलो काजूगर, आमसुलं आणि कुळथाचं पीठ ठेवलं. "ह्येका बघ हां रे," मी म्हटलं. "तुमी काय चिंता करू नकात, बाई," तो म्हणाला. गुणी वाटला. येताना एसटीत नवऱ्याला मी दोनदा सांगितलं की आता निम्मं ओझं उतरलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते पुढे. आम्ही तर कुंपणाला आधी काजूगर खाऊ घातले.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलाच्या फोनवरून फोन आला, पण बोलणारा दुसराच होता. कॉलेजच्या शेतावर पंप चालवणारा माणूस. म्हणाला, "ताई, तुमचा मुलगा शेततळ्यात पडला होता. काढलाय. फोन काठावर सापडला. दवाखान्यात नेतोय." शेततळं म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरलेला मोठा खड्डा. कागदावर शेवाळ धरलं की पोहणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, हात सटकतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझा नवरा शेतकरी, त्याला माहीत होतं. त्याने चप्पल उलटी घातली आणि तशीच घाटापर्यंत ठेवली.

दवाखान्यात वसतिगृहाचे रेक्टर आमच्या आधी हजर. "किरकोळ आहे. मुलं आहेत, थोडी ओळख परेड चालते." मुलगा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पडलंय मी." एवढंच. त्याला घरी आणला. तो जेवायचा, झोपायचा, बापाबरोबर बागेत जायचा. फक्त आंघोळ करताना तांब्या गळ्याखालीच ओतायचा. तोंड ओल्या पंच्याने पुसायचा. आठ दिवस मी हे पाहिलं.

आठव्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते, तो चुलीपाशी येऊन बसला आणि सांगायला लागला. कसालचा तो दादाच त्याच्या खोलीवर येत असे, आणखी तिघांना घेऊन. आधी गाणी म्हणायला लावणं, मग त्यांचे कपडे धुणं, मग नुसत्या चड्डीवर गच्चीत उभं राहणं. रविवारी शेततळ्यावर नेलं. "मालवणचो आसस ना? पोहून दाखय." ह्याने येत नाही म्हणून सांगितलं. कोणी ऐकलं नाही, चौघांनी ढकलून दिलं.

"अरे, मग आधी कित्याक सांगूक नाय?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तू तुझ्या होस्टेलचा सांगतंस ना गो, हसत हसत. माका वाटला ह्या हसूचाच आसता."

माझ्या डी.एड.च्या होस्टेलचा तो किस्सा घरादाराला पाठ आहे. सीनियर मुलींनी मला केरसुणीशी लग्न लावायला लावलं, मंगलाष्टकं मीच म्हणायची आणि अक्षताही मीच टाकायच्या. मी तो पाहुण्यांसमोर आवाज काढून सांगते, लोक पोट धरून हसतात. त्या संध्याकाळी मी अर्ध्या होस्टेलसमोर उभी राहून रडले होते, हा भाग मी कधी सांगितला नाही, कारण तो सांगितला की मजा जाते. तवा तापून धूर निघायला लागला तरी मला उठायचं सुचलं नाही. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. चांगली चार पानी. ती घेऊन आम्ही कुडाळला एका वकीलबाईंकडे गेलो. ही दुसरीत माझ्या वर्गात होती. तेव्हा तिला मी शुद्धलेखनासाठी बऱ्याच छड्या दिल्या होत्या, त्याची सव्याज परतफेड तिने त्या दिवशी केली. चारही पानं वाचून म्हणाली, "बाई, हा निबंध आहे. ह्यात मुलाची शिष्यवृत्ती आहे, तुमचं घराणं आहे, संस्कार आहेत. तळं चौथ्या पानावर येतं. आणि तारीख कुठे आहे?"

तारीख नव्हतीच.

मग तिने समजावलं, अगदी दुसरीच्या वर्गाला समजावतात तसं. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे. तक्रार मुलानेच केली पाहिजे असं नाही, आईबापही लेखी करू शकतात. ती मिळाली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या मुलांना निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्राचार्य ती दाबून बसले, तर तेही गुन्ह्याला मदत करणारे धरले जातात. गुन्हा शाबीत झाला तर कैद, दंड, कॉलेजातून नाव कमी आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. आपण थेट पोलीस ठाण्यातही जाऊ शकतो, आणि जिवावर बेतलेलं असल्यामुळे इतर कलमंही लागू शकतात. देशभरासाठी हेल्पलाइन आहे. नुकसानभरपाईचा दावा हवा तर वेगळा. "पण आधी कागद," ती म्हणाली. "दवाखान्याचे केसपेपर, फोनवरचे मेसेज, पंपवाल्याचा जबाब. आणि बाई, अर्ज दिलात की पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका."

पोच घेण्याच्या कामी नवरा निघाला पट्टीचा. तलाठ्याच्या दारात आयुष्य काढलेला माणूस तो. प्राचार्य म्हणाले, "ठेवून जा, बघतो." हा म्हणाला, "शिक्को मारा, मगे जातंव." प्राचार्यांनी संस्थेच्या नावाबद्दल, मुलांच्या भवितव्याबद्दल बरंच सांगितलं. ह्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. शेवटी शिक्का बसला. ती पोच त्याने सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.

चौकशी लागली. पण चौघांनी एकच सांगितलं: तो स्वतः पोहायला उतरला, मालवणचा आहे, आम्हाला काय माहीत. बाकीची मुलं गप्प. पंपवाल्याने मुलाला काढलं होतं, ढकलताना पाहिलं नव्हतं. वकीलबाई फोनवर म्हणाली, "बाई, एक जरी बोलला असता तर." माझ्या मुलाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून पुन्हा गप्प झाला. तो खोटा ठरणार होता, आणि खोटा ठरून त्याच वसतिगृहात परत जाणार होता, नाहीतर शिक्षण सोडणार होता. तिसरा रस्ता मला दिसत नव्हता.

अशात कसालचे ते हार्डवेअरवाले आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारात आले. हातात नारळ. म्हणाले, तुमच्या ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालू, माफी मागू, विषय मिटवू. खिशातून एक टाइप केलेला कागदही काढला, तक्रार मागे घेतल्याचा. खाली माझ्या मुलाच्या सहीची जागा सोडलेली. मी त्यांना दारातूनच घालवायला निघाले होते. पण नवरा म्हणाला, "देवाच्या नावान इलेल्याक परत धाडूचा नाय," आणि शर्ट चढवायला आत गेला. त्या क्षणी मला त्याचा इतका संताप आला की मी देवळात जाईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्याने सगळी हकिगत सांगतात आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. ते काम आमच्या गावात एका म्हाताऱ्या मानकऱ्याकडे आहे. माणूस अंगाने काडी, पण आवाज असा की गाऱ्हाण्याला न आलेल्यांनाही ते ऐकू जातं. सकाळची वेळ, पूजेला आलेली दहाबारा माणसं होती. त्याने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ही दोन घरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पोराच्या हातसून काय चुकी झाली आसात..." इथे म्हातारा थांबला आणि मागे वळला. "काय चुकी झाली रे?"

कसालवाले पुढे सरसावले. "मस्करी झाली, इतक्याच घाला."

"देवाक मस्करी सांगूक गाऱ्हाणा कित्याक होया? अर्धी गजाल हय चलना नाय. झिला, तू सांग."

कसालचा मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभा राहिला. मग बोलायला लागला, अगदी हळू. म्हाताऱ्याने त्याला दोनदा आवाज चढवायला लावला. "मीच सांगलंय, ह्यो मालवणचो, ह्येका पोहूक येता. मगे आमी चौघांनी ह्येका ढकललो. ह्यो सांगा होतो, माका येणा नाय, येणा नाय. आमका वाटला, नाटका करता."

"मगे?"

"मगे जेवणाची घंटा झाली."

"मगे?"

"रविवार होतो, खास जेवाण आसता. आमी जेवूक गेलो."

"आणि ह्यो?"

"पाण्यात होतो."

म्हातारा होकाराची वाट बघत राहिला. कोणी भरला नाही. माझा नवरा खांबाला धरून उभा होता. मला तोवर माहीतच नव्हतं की ते निघून गेले होते. मुलाने चुलीपाशी हे सांगितलं नव्हतं.

कसालवाल्यांच्या हातातला कागद माझ्या मुलाने घेतला. मला वाटलं, सही करतो की काय. त्याने तो उलटा केला, कोऱ्या बाजूने त्या मुलापुढे धरला आणि म्हणाला, "दादा, आता बोललंस ता हय लिव. चौघांची नावां घाल."

कसालच्या मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने अडवलं नाही. मग तो देवळाच्या पायरीवर बसून लिहायला लागला. दहा मिनिटं लागली असतील. मध्ये एकदा त्याने तळहाताने डोळे पुसले, तेव्हा माझ्या मुलाने त्याला कागदाखाली धरायला देवळातलं पंचांग दिलं.

खाली तारीख घालून घ्यायला मी विसरले नाही. मानकऱ्याने साक्षीदार म्हणून अंगठ्याएवढी सही केली. दुसरा साक्षीदार हवा होता. माझा नवरा म्हणाला, आपण बाप, आपली चालणार नाही. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा कसालवाल्यांनी माझ्या हातातून पेन मागून घेतलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "ह्येका कॉलेजातसून काढून टाकतले काय?"

बावीस वर्षं मी लस टोचायच्या रांगेतल्या मुलांना "अजिबात दुखत नाही" म्हणून सांगत आले आहे. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

"काढतले," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मुलाच्या सहीखाली आपली सही केली.