डबी नव्हे, मॅगझिन

बंदुकीच्या मॅगझिनला कुणी ‘डबी’ म्हटलं की मामा भडकायचे. “डबी तंबाकूची आसती! हे मॅगझिन हाय.” मामा म्हणजे जुळे सोलापूर भागातल्या आमच्या पतसंस्थेचे वॉचमन. माढ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, रायफल स्वतःच्या लायसनची. मी तिथे कॅशियर, माझा काउंटर दारासमोरच. त्यामुळे त्यांची बोलणी सगळ्यांत जास्त मीच खाल्ली.

रोज शाखा उघडण्याआधी ते मॅगझिन काढायचे, गोळ्या बाहेर घ्यायचे, आतली स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघायचे. परत भरताना एक गोळी कमीच. का, तर म्हणाले, “ताई, बंदूक आपल्या हातानं जेवत न्हाय, मॅगझिन तिला भरवतंय. तडस लागंस्तवर भरलं की स्प्रिंग दमती, आन ऐन टायमाला गोळी वर येत न्हाय.”

अशा माणसाला कशावरून काढलं, ऐका. खंडेनवमीला शाखेत शस्त्रपूजा. मामांनी रायफल आणि रिकामं मॅगझिन पाटावर ठेवलं आणि हार आणायला गेले. तेवढ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांना भक्तीचा उमाळा आला. मॅगझिनवर तेल ओतलं, वर हळद-कुंकू, आणि तोंडात झेंडू कोंबला! मी “साहेब, राहू द्या” म्हणतेय, तर “अहो, देवाचं काम आहे.”

मामा आले. बघितलं. झेंडू उपसून बाजूला ठेवला.

“मामा, डबी लावा आणि उभे राहा. फोटो वर पाठवायचाय.”

“साफ केल्याबिगर लावनार न्हाय साहेब. आत कुकवाचा लगदा झालाय.”

“अहो, फोटोपुरती लावा की!”

“फोटोपुरता मी हितं उभा न्हाय.”

झालं! दसरा सरला आणि मामा ‘उद्धट’ ठरले. मी केबिनमध्ये जाऊन भांडले. “तुम्ही कॅश बघा,” एवढंच उत्तर. डोंबल तुमची कॅश! ज्याच्या जिवावर निर्धास्त बसत होतो, त्यालाच घरी बसवलंत.

नवा वॉचमन आला, तोही रायफलवाला. त्याला विचारलं, मॅगझिन कधी साफ करता?

“डबी व्हय, मॅडम? ती निगतच न्हाय. गंजलीया. पन फोटोत बरी दिसती की.”

संतापून मी मामांना फोन केला. वाटलं, चार शिव्या हासडतील. तर दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं हजर, पिशवीत तेलाची बाटली आणि फडकं! पायरीवर बसून, तेल सोडून, हलवून हलवून त्यांनी ते मॅगझिन एकदाचं उपसून काढलं. “आरं, तुजाच जीव वाचवायचाय ह्यानं,” असं त्या नव्याला समजावत होते.

इतक्यात साहेब आले. मामा सवयीनं उठले आणि टाच आपटून सलाम ठोकला. साहेबांनी नीट बघितलंसुद्धा नाही. नव्या वॉचमनला म्हणाले, “कोण हा? दारात कुणालाही बसवत जाऊ नकोस.”

इतकी वर्षं रोज सलाम घेतला हो याच माणसाचा! अंगात गणवेश नाही, तर चेहराही दिसू नये?

मामांनी मॅगझिन उचललं आणि रस्त्यापलीकडे लिंबाखाली जाऊन बसले. काम पुरं करूनच उठले. जाताना, नव्याच्या हाती देण्याआधी, काचेपलीकडून त्यांनी ते लख्ख मॅगझिन मला उंच धरून दाखवलं. माझे डोळे भरले, पण राग काही उतरला नाही. अजून उतरलेला नाही.